कुबडी, ट्रायपॉड आणि अपरिग्रह

प्रवासात आधार म्हणून काय जवळ बाळगावे आणि त्या आधाराचेच ओझे केव्हा होते, हा संन्यासधर्मातील जुना प्रश्न परदेशी निघालेल्या छायाचित्रकारापुढे हलका ट्रायपॉड निवडताना पुन्हा उभा राहतो. योगसूत्रांतील पाच यमांपैकी एक असलेला अपरिग्रह, म्हणजे गरजेपलीकडचा संचय न करणे, बहुधा वस्तूंच्या संख्येवरून वा वजनावरून मोजला जातो. परंतु उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून केलेली नसून तिच्याविषयीच्या मूर्च्छेवरून, म्हणजे आसक्तीने येणाऱ्या बेभानपणावरून, केलेली आहे. म्हणूनच वस्त्राचाही त्याग केलेला दिगंबर मुनी मोरपिसांची पिच्छी आणि कमंडलू जवळ ठेवतो, कारण जीवरक्षा आणि शुद्धी यांपुरती ती उपकरणे, म्हणजे ठरलेल्या कामाची साधने, मानली जातात.

पोलादपूर-महाड परिसरात या विचाराचे स्मरण करून देणारे स्थान आहे ते वरंध घाटाच्या कुशीतील शिवथरघळ. समर्थ रामदासांनी दासबोध येथे लिहवून घेतला अशी परंपरा असून धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० साली या घळीचे स्थान निश्चित केले. रामदासांच्या चित्रांत हमखास दिसणारी कुबडी म्हणजे जपाच्या वेळी हात टेकवण्यासाठीचा, माथ्यावर आडवी पट्टी असलेला आखूड दांडा होय. सज्जनगडावर जतन केलेल्या कुबडीत गुप्ती, म्हणजे दडवलेले शस्त्र, असल्याचे सांगतात. वैराग्याची सोपी व्याख्या करणाऱ्याला ही गुप्ती अडचणीचीच वाटावी. कुबडी स्वतः जप करीत नाही, ती केवळ हाताचा शीण हलका करते, आणि आसन मात्र साधकालाच स्थिर ठेवावे लागते.

ट्रायपॉडकडून होणारी अपेक्षा याहून कठोर असते, कारण शटर उघडे असेपर्यंत कॅमेरा जराही हलता कामा नये. कॅमेरा हातात धरून ५० मिलिमीटरच्या लेन्सने छायाचित्र घेताना शटर एक पन्नासांश सेकंदाहून अधिक काळ उघडे ठेवू नये, असा जुना संकेत आहे. घळीलगतच्या धबधब्याचे पाणी दुधाळ दिसावे म्हणून शटर अर्धा सेकंद उघडे ठेवायचे झाल्यास कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाची यंत्रणाही अनेकदा अपुरी पडते. तीन बिंदूंतून एकच प्रतल जात असल्याने तीन पायांचा सांगाडा खडकाळ जमिनीवरही डुगडुगत नाही. तथापि त्याचे पाय कार्बन फायबरचे करून वजन घटवले की वाऱ्याने तो थरथरू लागतो, आणि मग मधल्या दांड्याच्या हुकाला सॅक अडकवून घटवलेले वजन परत आणावे लागते. स्थैर्याला वजन लागतेच. ते घरून न्यायचे की पोहोचल्यावर तेथूनच घ्यायचे, एवढाच निर्णय प्रवाशाच्या हाती उरतो.

विमानात हातातील सामानाला अनेकदा ७ किलोच्या आसपास मर्यादा असते, तेव्हा दुसरा मार्ग अधिक विचारार्ह ठरतो. रिकामी कापडी पिशवी नेऊन मुक्कामी तिच्यात तांदूळ वा डाळ भरावी, ती कठड्यावर ठेवून तिच्यावर कॅमेरा बसवावा आणि निघण्यापूर्वी धान्य शिजवून किंवा देऊन टाकावे. दुसरी युक्ती दोरीची: कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या पाव इंची आट्यांच्या भोकात स्क्रू बसवून त्याला दोरी बांधायची आणि तिचे दुसरे टोक पायाखाली दाबून कॅमेरा वर ताणून धरायचा, म्हणजे उभी थरथर बरीच कमी होते. रात्रीच्या आकाशाला मात्र ही दोरी पुरत नाही. केवळ त्या आकाशासाठीच निघालेल्याचा दीड किलोचा ट्रायपॉड उपकरणच होय. उलट न जाणो लागला तर, या धास्तीने घेतलेला पाव किलोचाही परिग्रह ठरतो.

यावर एक आक्षेप उरतोच. ज्याच्याजवळ काही नाही त्याचा भार दुसऱ्या कुणाच्या तरी संचयावर पडतो. मधुकरी मागणाऱ्याचे अपरिग्रही जीवन गृहस्थाच्या कोठारावर चालते, आणि तांदळाच्या पिशवीलाही कुणाचा तरी कठडा लागतो. परदेशातील अनेक संग्रहालयांत ट्रायपॉडला मनाई असते, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकांत तो लावण्यासाठी पूर्वपरवानगी घ्यावी लागते, कारण त्याचे पाय वाट अडवतात. पिशवीने नियमाचे शब्द पाळले गेले तरी अरुंद सज्जातील जागा अडायची ती अडतेच. धर्मशास्त्रकारांनी ही अडचण ओळखली होती, म्हणूनच यतीने घरातील चूल विझल्यावर आणि माणसे जेवल्यावरच भिक्षेला जावे, असे त्यांनी सांगितले. हाच दंडक कठड्याला लावल्यास इतरांचे पाहून होईपर्यंत छायाचित्रकाराला मागे थांबावे लागेल, आणि तेवढा वेळ नसेल तर कॅमेरा हातातच धरून, येईल ते किंचित अस्पष्ट चित्र पत्करावे लागेल.