बाजाराच्या दुसऱ्या दिवशी

आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर नेसरीत यावं. आदल्या दिवशी पाय ठेवायला जागा नसलेल्या रस्त्यावर कोबीची पानं, कांद्याची टरफलं, फाटकी पोती, रसाच्या गाड्याजवळची चिपाडं आणि वाऱ्यावर सरपटणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या पडलेल्या असतात. ग्रामपंचायतीचे सफाई कामगार खराटे घेऊन आलेले असतात. हे दृश्य मी अनेकदा पाहिलं आहे आणि दर वेळी मनात एकच प्रश्न आला आहे: हा कचरा कोणत्या गावाचा?

तो एकट्या नेसरीचा नाही. कानडेवाडी, तारेवाडी, हडलगे, सांबरे, बटकणंगले, अर्जुनवाडी ही गडहिंग्लज तालुक्यातली गावं, शिवाय अडकुराकडून चंदगड तालुक्यातली माणसं आदल्या दिवशी इथे होती. कोणी कोंबड्या विकल्या, कोणी बी-बियाणं नेलं, कोणी दवाखान्यात नंबर लावला, कोणी मुलीच्या कॉलेजची फी भरली. त्यांच्या येण्यानं नेसरी जगते, हे खरंच आहे. पण त्यांच्या मागे राहिलेला केर ज्या हातांनी उचलायचा, त्या हातांचा पगार मात्र नेसरीच्या रहिवाशांच्या घरपट्टीतून निघतो. प्रादेशिक विकासाच्या धोरणाबद्दल मला जे म्हणायचं आहे, ते या एका हिशेबात सापडतं. आपल्या राज्यकारभाराला गाव कळतं, शहर कळतं, तालुक्याचं ठाणं कळतं. बाजारगाव कळत नाही.

उभ्या महाराष्ट्राला नेसरी ठाऊक आहे ती एका दिवसामुळे. 24 फेब्रुवारी 1674. सरनोबत प्रतापराव गुजर सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर इथे तुटून पडले आणि परत आले नाहीत. त्या स्मारकापुढे हात जोडणारे दूरदूरहून येतात, येत राहावेत. पण त्या दिवसाच्या अलीकडे-पलीकडे हे गाव कसं जगलं, कशावर जगलं, हे विचारणारा अजून भेटायचा आहे.

जगलं ते घटप्रभेच्या पाण्यावर, तांबड्या-काळ्या रानांवर आणि चाकरमान्यांच्या मनीऑर्डरींवर. गडहिंग्लज, आजरा, चंदगड, भुदरगड या तालुक्यांनी मुंबईच्या गिरण्यांना माणसं पुरवली. लालबाग-परळमधल्या गावकीच्या खोल्यांत पाळीपाळीनं झोपणाऱ्यांनी इकडे शाळांच्या खोल्या बांधल्या, देवळांवर कळस चढवले, भावाच्या विहिरीला पैसे धाडले. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. त्यानंतर परतलेल्या माणसांना या भागानं कसं सामावून घेतलं, याची नोंद कोणत्याही विकास आराखड्यात झाली नाही. मुंबईतलं औद्योगिक संकट आमच्याकडे शेताच्या बांधावरच्या भांडणाच्या रूपानं आलं. जमीन तेवढीच राहिली आणि खाणारी तोंडं परत आली.

पश्चिम महाराष्ट्राचा अनुशेष म्हटलं की ऐकणारे हसतात. कोल्हापूर जिल्ह्यात तर कसला आलाय मागासलेपणा! ऊस आहे, दूध आहे, कारखाने आहेत. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली 1983 मध्ये नेमलेल्या सत्यशोधन समितीनं राज्याचा अनुशेष 3,186 कोटी रुपयांचा काढला. ते काम मोठं होतं. प्रादेशिक असमतोलाचं बोलणं त्या समितीमुळे भावनेतून आकड्यात आलं. मात्र तिनं मोजमापासाठी जिल्हा हा घटक धरला. पुढे 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळं आली, तेव्हा विदर्भ आणि मराठवाडा सोडून जे उरलं त्याला ‘उर्वरित महाराष्ट्र’ म्हटलं गेलं. त्या उर्वरितात मुंबई होती, पुणं होतं आणि नेसरीही होती. विदर्भ-मराठवाड्याच्या वाट्याचं काही आम्हाला हवं, असं मी म्हणत नाही, त्यांचं दुखणं मोठं आहे. तक्रार सरासरीबद्दल आहे. कागल-हातकणंगल्याच्या कारखानदारीची भर घालून आलेला जिल्ह्याचा आकडा घटप्रभेकाठच्या माणसाला श्रीमंत ठरवतो आणि तिथेच चर्चा संपते.

नकाशा पाहिला की कडेवर असणं म्हणजे काय ते समजतं. गडहिंग्लजहून कोल्हापूरला जाणारी नेहमीची वाट संकेश्वर-निपाणीवरून, म्हणजे कर्नाटकातून जाते. आपल्याच जिल्ह्याच्या ठाण्याला जायला दुसऱ्या राज्यातून जावं लागतं. मोठ्या दुखण्याला आणि लग्नाच्या बस्त्याला या भागातल्या अनेकांना बेळगाव जवळचं. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला चंदगड तालुका मात्र इकडे राहिला. रेषा ओढली गेली, पण बाजाराच्या वाटा काही रेषेनं तुटत नाहीत. घटप्रभासुद्धा पुढे कर्नाटकात जाते आणि हिडकलच्या धरणात थांबते. आमच्याकडे तिच्यावर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत: हिंडगाव, कानडेवाडी-सावर्डे, तारेवाडी. पावसाळा सरला की बरगे घालायचे, पावसाआधी काढायचे. बरगे वेळेवर पडले की उन्हाळ्यात पीक तगतं, उशीर झाला की पाणी हिडकलला निघून जातं. या भागाचं अर्थकारण ज्याला समजून घ्यायचं आहे, त्यानं कुठल्याही अहवालाआधी एकदा बरगे घालायच्या दिवशी बंधाऱ्यावर उभं राहावं.

साखर कारखान्यांनी या कोपऱ्याला जवळ आणलं, तसं जखमीही केलं. हरळीचा गडहिंग्लज तालुका सहकारी कारखाना (लोकांच्या तोंडी ‘गोडसाखर’) आणि हलकर्णीचा ‘दौलत’ हे दोन्ही सभासदांच्या भागभांडवलावर उभे राहिले आणि दोन्ही पुढे चालवायला खासगी कंपन्यांकडे द्यावे लागले. ‘दौलत’ तर काही वर्षं बंदच होता. कारखाना थांबतो तेव्हा फक्त ऊस उभा राहत नाही. ट्रॅक्टरचे हप्ते थकतात, हॉटेलवाल्याची उधारी वाढते, कापडाच्या दुकानात दिवाळी येत नाही. त्या वर्षांत या भागातला बाजार उभा ठेवला तो दुधानं. 1963 मध्ये स्थापन झालेल्या गोकुळची दूधबिलं दहा-दहा दिवसांनी येतात. उसाचे पैसे वर्षाकाठी येतात, सोसायटीच्या कर्जात वळते होतात, उरलेले घरातला कर्ता ठरवेल तिथे जातात. दुधाचा पैसा लहान असतो, पण वरचेवर येतो आणि बराचसा बाईच्या हातून खर्च होतो. म्हणून तो बाजारात दिसतो. किराणा, वह्या, औषधं, कपडे हे सगळं त्यावर चालतं. माझं मत स्पष्ट आहे: नेसरीसारख्या बाजाराचा खरा पाया म्हैस आहे. आपलं धोरण मात्र उसाला केंद्र मानून आखलं जातं.

बाजारगाव ही कल्पना आपल्याला नवी नाही. जुन्या दप्तरांत ‘मौजे’ आणि ‘कसबे’ वेगळे लिहिले जात. मौजे म्हणजे शेतीचं गाव, कसबे म्हणजे जिथे बाजार-पेठ आहे ते. पेठेला शेटे-महाजन असत, तिचे कर वेगळे, तिचे हक्क वेगळे. आपल्या जिल्ह्यात कसबा बावडा, कसबा सांगाव, कसबा वाळवे, कसबा तारळे ही नावं अजून त्या कारभाराची साक्ष देतात. शाहू महाराजांनी 1895 मध्ये कोल्हापुरात शाहूपुरी वसवली, ती गुळाच्या व्यापारासाठी. पेठ आपोआप वाढेल असं न म्हणता त्यांनी ती राज्याचं काम मानली.

जगातही हा विचार झालेला आहे. अमेरिकी अभ्यासक विल्यम स्किनर यांनी चीनमधल्या सिचुआन प्रांतात फिरून 1964-65 मध्ये दाखवून दिलं, की शेतकऱ्याचं जग त्याच्या गावापाशी संपत नाही. ज्या बाजाराला तो पायी जाऊन संध्याकाळी परत येतो, त्या बाजाराचा परिसर हे त्याचं जग असतं. सोयरीक तिथे जुळते, कर्ज तिथे मिळतं, बातमी तिथे कळते. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय समुदाय विकास संस्थेनं 1971 मध्ये मिरयालगुडा तालुक्याचा असाच अभ्यास केला आणि ग्रामीण विकासकेंद्रांची कल्पना मांडली. 2016 च्या ‘रूर्बन’ योजनेनं गावांचे समूह धरले, तेही देशभरात 300. योजना आल्या आणि गेल्या. कायद्यात बाजारगावाला जागा मिळाली नाही.

कायदा काय सांगतो? 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमात सगळी गावं एकाच पंक्तीत बसतात. लोकसंख्येनुसार सदस्य सातापासून सतरापर्यंत वाढतात, अधिकार तेच राहतात. तीनशे उंबऱ्यांच्या वाडीचं आणि वीस गावांना सांभाळणाऱ्या बाजारपेठेचं उत्पन्नाचं साधन एकच: घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, गाळ्यांचं भाडं, बाजाराचा लिलाव. 2014 मध्ये राज्यानं तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायत करायचं ठरवलं. आजरा झाली, चंदगड झाली. दर्जा मिळाला तो तहसील कचेरीमुळे, बाजारामुळे नव्हे. नेसरीत पोलीस ठाणं आहे, ग्रामीण रुग्णालय आहे, महाविद्यालय आहे, पण तहसीलदार बसत नाही, म्हणून ती मौजेच.

नगरपंचायत करा, हाही उपाय मला सरळ वाटत नाही. ज्याची जमीन गावठाणाला लागून आहे, तो शेतकरी शहराचे नियम, कर आणि परवानग्या यांना भितो. रोजगार हमीचं काम हातचं जाईल, ही मजुराची भीती आहे. दोघांचीही भीती खरी आहे. अर्धं शेत आणि अर्धी पेठ असलेल्या गावाला या दोन साच्यांपैकी एकात कोंबण्यापेक्षा तिसरा साचा करावा, एवढंच मागणं आहे.

कारण पैसा कोणत्या वाटेनं जातो, ते पाहा. बाजारात उलाढाल वाढली तर कोणाला मिळतं? 1 जुलै 2017 पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराचे दोन वाटेकरी आहेत, केंद्र आणि राज्य. व्यवसाय कर राज्याचा. शेतमालाचा बाजार सेस बाजार समितीचा. दुकानं दुप्पट झाली, वाहनं चौपट झाली, तरी ग्रामपंचायतीच्या हाती पडते ती फक्त वाढलेल्या बांधकामाची घरपट्टी. वित्त आयोगाचा निधी वाटताना लोकसंख्या हा मुख्य आधार, आणि लोकसंख्या म्हणजे रात्री गावात झोपणारी माणसं. दिवसा येणाऱ्यांची मोजदाद नाही. पंधराव्या वित्त आयोगानं 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला. उरलेला 40 टक्के ‘अबंधित’, पण त्यातूनही पगार देता येत नाही. म्हणजे कचऱ्याची गाडी घेता येते, गाडी चालवणाऱ्याचा पगार पुन्हा घरपट्टीवर. ज्या पंचायतीचं उत्पन्न तिच्या गावातल्या व्यापाराबरोबर वाढत नाही, तिला व्यापार वाढवण्यात रस कुठून येणार? बाजारासाठी पत्र्याची शेड, बायकांसाठी स्वच्छतागृह, गाड्या लावायला जागा या गोष्टी मग आमदार-खासदारांच्या निधीची वाट बघत राहतात.

73 व्या घटनादुरुस्तीनं, म्हणजे 24 एप्रिल 1993 पासून, पंचायतींसमोर 29 विषय ठेवले. त्यात बाजारपेठा आहेत, लघुउद्योग आहेत, पशुपालन आहे. केरळनं 1996 मध्ये लोकयोजना सुरू करताना राज्याच्या योजना निधीतला 35 ते 40 टक्के वाटा स्थानिक संस्थांना देऊन टाकला. चुका झाल्या असतील, पण गावाला ठरवायची सवय लागली. महाराष्ट्राला या बाबतीत मागे राहायचं काही कारण नव्हतं. 1961 चा जिल्हा परिषद कायदा करून आणि 1962 च्या महाराष्ट्र दिनापासून तो राबवून हे राज्य देशात पुढे होतं. त्याच राज्यात मार्च 2022 मध्ये कोल्हापूर जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक बसला. पंचायत समित्यांचंही तेच. जिल्हा नियोजन समितीचे बहुसंख्य सदस्य ज्या संस्थांतून निवडून यायचे, त्या संस्थाच रिकाम्या. त्या काळात नेसरीच्या माणसानं आपल्या गटाचं गाऱ्हाणं मांडायचं कोणाकडे? आमदाराकडे, नाहीतर थेट मंत्रालयात. स्थानिक स्वराज्य या शब्दातला स्वराज्य हा भाग आपण इतक्या सहज सोडून दिला, याचं मला मनापासून दुःख होतं, आणि ते नेसरीसारख्या गावात अधिकच होतं.

मग तो तिसरा साचा कसा असावा? राज्य वित्त आयोगाच्या वाटपात बाजारगावासाठी वेगळा निकष धरावा, बाजाराच्या दिवशी येणाऱ्या माणसांची गणती करून. बाजार सेसातला लहानसा हिस्सा ज्या गावात बाजार भरतो त्याच्या पंचायतीला मिळावा. आसपासच्या पंचायतींनी मिळून कचरा, बाजारशेड, रुग्णालयाची वाट यांचा एकच आराखडा करावा आणि त्या आराखड्याला पैसा यावा. यातलं काहीही क्रांतिकारक नाही. शेटे-महाजनांच्या काळी पेठेचा पैसा पेठेला लागत होता.

मुंबई-पुण्यात स्थिरावलेल्या या भागातल्या वाचकांना एक विनंती आहे. तुम्ही देवळाला देता, शाळेला देता, जयंतीला देता. येत्या 26 जानेवारीला गावी असाल तर ग्रामसभेला बसा, आणि ‘आमचं गाव, आमचा विकास’चा आराखडा वाचला जाईल तेव्हा उभं राहून एवढंच विचारा, की बाजाराच्या दिवशी हे गाव किती माणसांचं असतं, आणि तो आकडा या कागदात कुठे लिहिला आहे. उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.