लगामाचे दुसरे टोक

घोड्यावर बसायला शिकणाऱ्याला आजकाल एक सल्ला हमखास मिळतो: चुका होऊ द्या, चुकांतूनच माणूस वाढतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांचे 'माइंडसेट' हे पुस्तक 2006 साली आले. क्षमता जन्मतःच ठरलेली नसते, ती कमावता येते, हा त्यातला विचार शाळा-कचेऱ्यांपासून खेळाच्या मैदानापर्यंत पोचला. विचार खरा आहे. पण रिकिबीत पाय ठेवला की तो अपुरा पडतो. तबला शिकताना हात चुकला तर ठेका बिघडतो, एवढेच. घोडेस्वारीत शिकणाऱ्याच्या चुकीची किंमत घोडा मोजतो.

घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये दात नसलेली मोकळी जागा असते. लगामाचे लोखंड तिथे बसते. तिथल्या हाडावर मांसाची गादी नाही, नुसती पातळ त्वचा. नवशिक्याचा तोल गेला की तो आधी लगामाच्या वाद्यांना लोंबकळतो. स्वार सावरतो आणि हिसका त्या त्वचेवर बसतो. घोडा मान झटकतो, तोंड वासतो आणि आपण म्हणून मोकळे होतो की जनावर खोडकर आहे.

जनावरावर असा शिक्का मारण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. अकलूजला दिवाळीच्या सुमारास घोडेबाजार भरतो, परराज्यांतूनही व्यापारी येतात. घोडा पारखताना दात, पाय, चाल पाहतात, तसेच अंगावरचे केसांचे भोवरेही पाहतात. देवमण शुभ, अमुक जागचा भोवरा धन्याला वाईट, चारही पाय आणि तोंड पांढरे असलेला पंचकल्याणी असेल तर भाव चढता. दात पाहण्याला आधार आहे, त्यावरून वयाचा अंदाज येतो. भोवऱ्यांचा हिशेब मात्र मला अन्याय वाटतो. घोड्याचा स्वभाव केसांच्या वळणातच लिहिलेला आहे असे मानले, की त्याला आजवर कोणी कसे वागवले हे विचारायची गरजच उरत नाही. स्वाराच्या बाबतीतही आपण तेच करतो, घोडा रक्तात असावा लागतो म्हणतो. पण ज्या भीमथडीच्या तट्टांच्या नावाने आपण यमुनेच्या पाण्याची आठवण काढतो, ती ठेंगणी, काटक जात आजही धनगरांच्या तळाबरोबर बिऱ्हाड वाहते. तिचा लौकिक दिसण्यावर उभा राहिलेला नाही.

घोडा घडतो कसा, या प्रश्नाच्या दृष्टीने आषाढीच्या वाटेवरचे रिंगण मला फार मोलाचे वाटते. हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात माऊलींच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप दिले, तेव्हापासून अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व या सोहळ्यात चालतात. सोलापूर जिल्ह्यात सदाशिवनगर, खुडूस, वाखरी इथे रिंगण होते. एका घोड्यावर स्वार असतो. दुसऱ्यावर माणूस बसत नाही, त्यावर माऊली आरूढ असतात ही वारकऱ्यांची श्रद्धा. टाळ-मृदंगाचा कल्लोळ, चहूबाजूंनी हजारो माणसे, आणि मधल्या अरुंद वाटेवरून दोन्ही घोडे भरधाव सुटतात.

घोडा हे पळून जीव वाचवणारे जनावर आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते, म्हणजे ती सगळी गर्दी एकदम दिसते. तरी माऊलींचा अश्व वाट सोडत नाही आणि त्याच्या पाठीवर कोणी लगाम धरलेला नसतो. हे बळ कुठून आले? हे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून आळंदीला चालत येतात, सुमारे 300 किलोमीटर. गावे, वाजंत्री, वाहने, पायाला हात लावू पाहणारी माणसे हे सारे हळूहळू अंगवळणी पडत जाते. शिक्षण म्हणतात ते हेच. ते घोड्याचे झालेले असते. स्वाराने त्याच्या आड येऊ नये, एवढेच त्या क्षणी बाकी राहते.

आड न येणे सोपे नाही. 2009 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी माणसांना घोडे धरून किंवा त्यांच्यावर बसून ठरावीक अंतर चार वेळा कापायला लावले. चौथ्या खेपेआधी सांगितले, आता घोडा जाताना छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरीही माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही वाढले. घोड्यांना छत्रीबद्दल कोणी काहीच सांगितलेले नव्हते. अंगावर माशी बसली तर तेवढीच कातडी थरथरवणाऱ्या प्राण्याला स्वाराचा अडकलेला श्वास आणि आवळलेले गुडघे कळणार नाहीत, हे संभवतच नाही.

म्हणून स्वाराला हवी असते ती सजगता. पण या शब्दाचा घोडेस्वारीतला अर्थ मनःशांती असा घेऊ नये. शांत वाटणे ही स्वाराची सोय झाली. इथे सजगता म्हणजे घोड्याने कान मागे टाकले त्याच्या आधीच्या क्षणी माझा हात कुठे होता हे आठवता येणे. घोडा बुजला की टाच मारण्याआधी तंग फार आवळला आहे का, खोगिराखाली घडी पडली आहे का, हे उतरून पाहणे. ग्रीक सेनानी झेनोफोनने सुमारे 2,400 वर्षांपूर्वी घोडेस्वारीवर लिहिताना बजावले होते, की रागाच्या भरात घोड्याशी व्यवहार करू नये. रणांगणावर घोडदळ हाकणाऱ्या माणसाचा हा सल्ला आहे, त्याला हळवेपणा म्हणून बाजूला सारता येणार नाही.

स्पर्धेच्या जगात असल्या गोष्टींनी पदके मिळत नाहीत असे कोणी म्हणेल. तरी 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारताच्या सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, मुंबईचा हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी घोडेस्वारीतल्या ड्रेसाज प्रकाराचे सांघिक सुवर्ण जिंकले. या प्रकारात प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण असतात, आणि उत्तम स्वार काहीच करत नाही असे पाहणाऱ्याला वाटते. पण पदक हा सजगतेचा पुरावा मानायला मी तयार नाही. तीन ऑलिंपिक सुवर्णे मिळवलेल्या ब्रिटनच्या शार्लट ड्युजार्डिन यांनी 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर माघार घेतली, कारण एका सराव सत्रात घोड्याच्या पायांवर चाबूक ओढतानाची त्यांची चित्रफीत बाहेर आली. कौशल्य कळसाला पोचूनही घोड्याकडे पाहायचे राहून जाऊ शकते. प्रगती फक्त गुणांनी मोजली तर हे निसटणारच.

आपल्याकडे माप बदलायची सुरुवात बाजारातच करता येईल. वय पाहायला घोड्याचे तोंड उघडतातच. त्याच वेळी ओठांचे कोपरे फाटले आहेत का, लोखंड बसते तिथे व्रण आहेत का, जीभ कापली आहे का, हेही पाहावे आणि भाव ठरवताना बोलून दाखवावे. भारवाहू जनावरांविषयीच्या 1965 च्या केंद्रीय नियमांनी काटेरी लगामाला बंदी घातली आहे, तरी असे लगाम देशात अजून सापडतात. भोवरा पाहून सौदा मोडणारे गिऱ्हाईक व्रण पाहून मालकाला जाब विचारू लागले, तर त्या घोड्यावर पुढे बसणाऱ्या पोराला पहिल्या दिवसापासून हात हलका ठेवायला शिकवावे लागेल.