सुई, व्यसन आणि जीविताची अमानत

बंधू-भगिनींनो, सूरह माइदाच्या ९०व्या आयतीने मद्य वर्ज्य ठरविले आणि उलमांनी प्रत्येक नशेला तोच हुकूम लावला. यात दुमत नाही. परंतु दारूबंदीच्या वर्धा जिल्ह्यात राहणारे आपण आष्टीकर जाणतो की, बंदीने व्यसन लपते. संपतेच असे नाही.

लपून नशा टोचणारे अनेकदा एकच सुई वापरतात. तीत उरलेले रक्त एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दुसऱ्या देहात नेते, तेथून एचआयव्ही पत्नीपर्यंत, गर्भापर्यंत पोहोचतो. पाण्याने धुतल्याने सुई निर्धोक होत नाही.

मग व्यसनीला नवी सुई देणे पापाला साहाय्य नव्हे काय? दोन अपाय अटळ असतील तर लहान स्वीकारावा, हा फिकहचा नियम आहे. मलेशियाने २००६पासून हा मार्ग धरला. नवी सुई नशेला हलाल करीत नाही. ती तौबेला अवधी देते. मृताला तौबा करता येत नाही.

म्हणून मातापित्यांनो, मुलाला घराबाहेर काढू नका. शासकीय रुग्णालयात न्या. तेथे तपासणी गोपनीय व मोफत आहे, एचआयव्हीची औषधेही मोफत. १०९७ वर सल्ला मिळतो.

अल्लाह आपल्याला दोष झाकण्याची व जीव वाचविण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.