स्वभाव कोणाला कळावा?

व्यक्ती तितक्या प्रकृती असे मराठीत म्हटले जात असले, तरी विसाव्या शतकातील मानसशास्त्राने या असंख्य प्रकृती मोजक्या परिमाणांत बसवण्याचा चिकाटीने प्रयत्न केला. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी १९३६ साली एका मोठ्या इंग्रजी शब्दकोशातून माणसामाणसांतील फरक सांगणारे सुमारे १८,००० शब्द वेचले. अशा शब्दांची सांख्यिकीय चाळणी पुढील अर्धशतकभर अनेक संशोधकांनी चालू ठेवली आणि तिच्यातून अखेरीस पाच गुणवैशिष्ट्ये उरली : माणसांत रमण्याची ओढ म्हणजे बहिर्मुखता, इतरांशी जुळवून घेण्याची वृत्ती म्हणजे सौहार्द, कामातील शिस्त आणि नेटकेपणा म्हणजे कर्तव्यदक्षता, चिंता व उद्वेग चटकन दाटून येण्याचा कल म्हणजे भावनिक अस्थिरता, आणि नव्या कल्पनांचे कुतूहल म्हणजे अनुभवांविषयीचा खुलेपणा. ही पाच खोकी नव्हेत. उंचीप्रमाणे प्रत्येक गुण प्रत्येकात कमीअधिक असतो, आणि बहुतेक माणसे मधल्या पट्ट्यात मोडतात.

समाजमाध्यमांचा वापर आणि हे गुण यांचा संबंध आहे, याविषयी आता फारसा वाद उरलेला नाही. बहिर्मुख माणसांची मित्रयादी सहसा मोठी असते, तर उद्विग्न स्वभावाची माणसे या माध्यमांकडे आधार शोधण्यासाठी वळताना दिसतात. रॉबर्ट क्राउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंटरनेटच्या वापरातून बहिर्मुखांचा सामाजिक सहभाग वाढल्याचे आणि अंतर्मुखांचा एकाकीपणा मात्र वाढल्याचे आढळले. म्हणजे ज्याच्या पदरी आधीच माणसे होती, त्याच्याच पदरात अधिक पडले. मित्जा बाक आणि सहकाऱ्यांचा २०१० चा अभ्यास याहून अनपेक्षित ठरला. फेसबुकवर सारेच मुखवटे घालून वावरतात हा समज त्याने खोडून काढला, कारण अनोळखी माणसांनी केवळ खाते पाहून बांधलेला स्वभावाचा अंदाज त्या माणसाच्या आदर्श प्रतिमेपेक्षा त्याच्या खऱ्या स्वभावाशी अधिक जुळत होता. माणूस माध्यमावर खोटा वागतो, ही तक्रार नीतीच्या दृष्टीने त्यामुळे दुय्यम ठरते. तो नकळत बराच खरा उघडा पडतो, आणि तिथूनच अवघड प्रश्न सुरू होतो.

तो उघडेपणा यंत्राला किती वाचता येतो, हे वू यूयू, मिखाल कोसिन्स्की आणि डेव्हिड स्टिलवेल यांनी २०१५ साली तपासले. ८६,२२० स्वयंसेवकांनी शंभर प्रश्नांची स्वभावचाचणी सोडवली होती. त्यांनी फेसबुकवर कशाकशाला पसंती दिली एवढ्यावरून संगणकाने त्या उत्तरांचा अंदाज बांधला. दहा पसंत्या हाती असताना संगणक सहकाऱ्यापेक्षा, सत्तर असताना मित्रापेक्षा, दीडशे असताना घरच्यांपेक्षा सरस ठरला, आणि सुमारे तीनशे पसंत्यांनंतर त्याने जोडीदारालाही गाठले. वृत्तपत्रांनी हे आकडे उत्साहाने छापले. मित्र आणि आप्त यांना मात्र केवळ दहा प्रश्नांची छोटी प्रश्नावली दिली होती, आणि अचूकतेचा मापदंड म्हणून त्या व्यक्तीने स्वतःविषयी दिलेली उत्तरेच धरली होती, हा तपशील बहुधा वगळला गेला. यंत्राने ताडले ते माणूस स्वतःचे वर्णन कसे करतो एवढेच. पत्नीला पतीविषयी जे ठाऊक असते, त्यातले बरेचसे पती कोणत्याही प्रश्नावलीत लिहीत नाही.

फरक केवळ अचूकतेचा नाही. मित्राला, आईला किंवा शेजाऱ्याला एखाद्याचा स्वभाव कळतो तो सहवासातून, आणि त्या जाणण्यातच एक बंधन असते. अमुक माणूस भित्रा आहे हे ज्याला ठाऊक असते, त्याने त्याला घाबरवू नये अशी अपेक्षा असते. त्याने घाबरवलेच, तर लोक त्याला नावे ठेवतात आणि भित्र्यालाही त्याच्या दारात जाऊन जाब विचारता येतो. यंत्राच्या मालकाला मिळणारे ज्ञान मात्र सहवासाशिवाय मिळालेले असते, म्हणून बंधनाशिवायही असते. ज्याचा स्वभाव ताडला गेला, त्याला तो ताडला गेल्याचा पत्ताच नसतो. मग जाब कोणी कोणाला विचारायचा?

याचे एक बोलके उदाहरण ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०१६ मध्ये घडले. ॲडमिरल या विमा कंपनीने नवख्या वाहनचालकांसाठी एक योजना आखली, जिच्यात अर्जदाराच्या संमतीने त्याचे फेसबुकवरील लेखन तपासून विम्याच्या हप्त्यात सवलत द्यायची होती. आटोपशीर आणि ठोस वाक्ये लिहिणारा, याद्या करणारा, मित्रांना नेमकी वेळ आणि ठिकाण कळवणारा तरुण कर्तव्यदक्ष, म्हणून सावध चालक मानला जाणार होता. उद्गारचिन्हांची उधळण करणारा आणि ‘नेहमी’, ‘कधीच नाही’ अशी ठाम भाषा वापरणारा फाजील आत्मविश्वासाचा ठरणार होता. योजना सुरू होण्याच्या बेतात असतानाच फेसबुकने आपल्या नियमांवर बोट ठेवून तिला अडवले. हप्ता वाढवला जाणार नव्हता, फक्त सवलत मिळणार होती, हा कंपनीचा बचाव वरवर रास्त वाटतो. पण ज्याला सवलत नाकारली जाते, त्याने इतरांपेक्षा अधिक पैसे मोजलेलेच असतात. शिवाय हजारो लोकांच्या सरासरीत आढळणारा कल एका मुलावर निवाडा म्हणून लादणे हे संख्याशास्त्राच्या दृष्टीने कच्चे आणि न्यायाच्या दृष्टीने त्याहून कच्चे आहे. उद्गारचिन्हांवर प्रेम असणारा एखादा मुलगा गाडी अत्यंत जपून चालवत असेल, तर ते सिद्ध करण्याची संधी त्याला गाडीत मिळायला हवी, व्याकरणात नव्हे.

भारतात अशा अनुमानांना कायद्याने कितपत अटकाव होतो, हे पाहिले तर चित्र अर्धवटच दिसते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींस मनाई आहे, आणि ती स्वागतार्ह आहे. पण एखाद्या व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती याच कायद्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे. समाजमाध्यमावर जाहीरपणे लिहिलेला मजकूर त्यात मोडतो, त्यामुळे अशा मजकुरावरून कोणी लिहिणाऱ्याच्या उद्वेगाचा अंदाज बांधू लागला, तर या कायद्याचा आधार घेणे कठीण आहे. मत जाहीर करणारा आपले मत लोकांपुढे ठेवतो, आपला स्वभाव तपासणीसाठी ठेवत नाही. ही दोन कृत्ये एकच आहेत असे कायद्याने गृहीत धरावे, हे पटण्यासारखे नाही.

संमतीचा प्रश्न तर याहून गुंतागुंतीचा आहे. अलेक्झांडर कोगन यांच्या स्वभावचाचणीच्या ॲपमधून केंब्रिज ॲनालिटिका या संस्थेकडे माहिती गेल्याचे प्रकरण मार्च २०१८ मध्ये गाजले, तेव्हा फेसबुकने दिलेल्या आकड्यांनुसार भारतात ते ॲप केवळ ३३५ जणांनी घेतले होते, परंतु ज्यांची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता होती असे भारतीय ५,६२,००० हून अधिक होते. उरलेले सारे ते ॲप घेतलेल्या कोणा ना कोणाच्या मित्रयादीतले होते. त्यांच्यातला एखादा मितभाषी असेल, काहीही जाहीर न लिहिणारा असेल, तरी त्याच्या मौनाचा उपयोग झाला नाही, कारण त्याच्या वतीने दुसऱ्याच कोणी होकार दिला होता. फेसबुकने मित्रांची माहिती देणारी ती वाट त्याआधीच, २०१५ पर्यंत, बंद केली होती. पण फोनमधील संपर्कयादी वाचू देण्याची परवानगी मागणारी ॲप आजही सर्रास वापरली जातात, आणि ती देताना त्या यादीतल्या डॉक्टरला, भाडेकरूला किंवा दुरावलेल्या भावाला कोणी विचारत नाही.