नवा गुंडा जोडताना

आजचे चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३७ ते ४३

गेले १९ दिवस इथे काही लिहिलं नाही. बाबा हॉस्पिटलमध्ये होते. खरं सांगायचं तर वाचलंही नाही. पहिल्या रात्री गीता उघडली आणि रागाने मिटली. मग रोज वाटायचं, नेम मोडलाच आहे, आता काय.

परवा बाबा घरी आले. काल आई त्यांच्या उशाशी स्वेटर विणत होती. गुंडा संपत आला तशी ती ओळीच्या कडेला थांबली.

"अगं, अजून उरलाय की धागा!"

"ओळीला पुरायचा नाही. रुंदीच्या तिप्पट तरी लागतो, वर थोडा जास्तच."

"मग पुढे गाठ मार."

"गाठ टोचते रे. आणि धुतल्यावर कधीतरी वर येते."

तिने जुन्या-नव्या दोन्ही धाग्यांची वीतभर टोकं मोकळी सोडली आणि नव्या लोकरीने पुढची ओळ सुरू केली. ती टोकं शेवटी सुईने मागच्या बाजूला टाक्यांमधून ओवून टाकायची.

मी सॉफ्टवेअरवाला. एक दिवस चुकला की ॲपमधला आकडा शून्यावर येतो, हीच सवय. पण स्वेटर काही धागा अखंड आहे म्हणून टिकत नाही. प्रत्येक टाका खालच्या टाक्यातून ओढून काढलेला असतो. नव्या धाग्याचा पहिला टाकाही जुन्याच टाक्यातून निघतो.

अर्जुनाचा प्रश्न हाच आहे. श्रद्धा आहे, पण मन मध्येच ढळलं. असा माणूस फाटलेल्या ढगासारखा दोन्हीकडून जातो का? भगवंत म्हणतात, नाही. चांगलं करणाऱ्याची दुर्गती होत नाही. आधीचं केलेलं त्याला पुढच्या जन्मातही मिळतं आणि तिथून तो पुढे निघतो. जन्म बदलला तरी तुटत नाही, आणि मी १९ दिवसांत हिशेब मिटवून बसलो होतो!

पण याचा अर्थ 'चालतंय की' असा नाही. राहिलेलं सगळं एका बैठकीत उरकून काही घडलंच नाही असं दाखवणं, ही गाठ झाली. पहिल्या अध्यायापासून पुन्हा सुरू करणं म्हणजे सगळं उसवणं. ते प्रायश्चित्त वाटतं, पण त्यात बिनडाग हिशेबाचा अहंकारच जास्त.

माझं मोकळं टोक म्हणजे तो राग. बाबा घरी आले नसते तर मी गीता पुन्हा उघडली असती का? छातीठोकपणे 'हो' म्हणता येत नाही. ते टोक आज कापून टाकणार नाही. हळूहळू, रोजच्या वाचनातच ते ओवलं जाईल.

काल रात्री खूण होती तिथूनच पुढे वाचलं. खूण ३६व्या श्लोकावर होती.

राम कृष्ण हरी.