ठोकळ्यांची होडी आणि आजीचा प्रश्न



गेल्या महिन्यात घरभेटी करताना एका घरी जमिनीवर लेगोच्या ठोकळ्यांची होडी पाहिली. वडप्याच्या हायवेलगतची गोदामे आपल्याला नवी नाहीत. आपल्यातले कित्येक जण तिथे पाळी भरतात. देशभर जाणारी खेळणी त्यांच्या हातांखालून जातात. स्वतःच्या घरी मात्र क्वचितच येतात. या घरच्या वडिलांनी पगारातून थोडेथोडे बाजूला काढून मुलासाठी एक खोका विकत आणला होता. सहावीतल्या त्या मुलाने खोक्यावरच्या चित्रातला ट्रक सोडून उलांडीची होडी बनवायला घेतली.

कुटुंब मूळचे मालवणकडचे, आजोबा मच्छीमार. ज्यांनी उलांडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. होडी अरुंद असली की लाटेवर कलंडते. म्हणून तिच्या एका अंगाला, थोड्या अंतरावर, दोन आडव्या दांड्यांना हलक्या लाकडाचा ओंडका बांधतात. होडी त्या बाजूला झुकली तर पाणी ओंडक्याला वर रेटते, उलट बाजूला झुकली तर ओंडक्याचे वजन तिला खाली ओढते. हीच उलांडी. तिच्यात माणूस बसत नाही की मासळी ठेवत नाहीत, पण तिच्याविना शीड लावायची हिंमत कोणी करणार नाही.

मुलाचे काम सोपे नव्हते. चौकोनी ठोकळ्यांतून निमुळती नाळ निघत नाही; ती पायऱ्यापायऱ्यांची झाली होती. होडी बादलीत सोडली तर सांध्यांतून पाणी शिरले. हे प्लास्टिक पाण्याहून किंचित जड असते, त्यामुळे आधी बुडाली ती उलांडीच, जिने होडीला सावरायचे ती. चित्रातला डोळा केवळ नावापुरता डोळा, असे ॲरिस्टॉटल म्हणतो. ही होडीही तशीच नावापुरती होती म्हणायची. मग त्याने उलांडीच्या जागी औषधाची रिकामी बाटली बूच घट्ट लावून बांधली, तळ आतून मेणबत्तीच्या मेणाने लिंपला, जुन्या रुमालाचे शीड केले. होडी तरंगली.

तिथे आजीने हरकत घेतली. आजोबांच्या होडीची उलांडी दुसऱ्या अंगाला होती आणि शीड एवढे उंच नव्हते. मुलाने होडी मोडली. धाकटी बहीण रडू लागली, ‘आजोबांची होडी मोडली.’ तो शांतपणे म्हणाला, ‘मोडली कुठे? ठोकळे सगळे इथेच आहेत.’ मला हसू आले. मी आजीला म्हटले, ‘बघा, आमचे पुनरुत्थानाचे धर्मशिक्षण याने एका वाक्यात उरकले.’

आजी हसली नाही. तिचे थोरले दीर तरुणपणी समुद्रात गेले. होडी सापडली, ते सापडले नाहीत. कबर नाही, २ नोव्हेंबरला मेणबत्ती कुठे लावायची हा प्रश्न तिला दरवर्षी पडतो. ती म्हणाली, ‘फादर, ह्याचे ठोकळे हत आसत. माशांनी खाल्लेलो माणूस कसो उठतलो?’

मी म्हणालो, ‘आजी, देवाला सारे शक्य आहे.’ वाक्य खरे आहे. पण मी ते दार लावून घेण्यासाठी वापरले, हे परतीच्या वाटेवर मोटारसायकलवर मला कळले. आपण धर्मगुरू हे वाक्य फार वेळा असे वापरतो.

घरी येऊन सेमिनरीतली पुस्तके काढली. आजीचा प्रश्न संत ऑगस्टीनने पाचव्या शतकातच हाताळला आहे. तो हिप्पो या बंदराच्या गावचा बिशप. बुडालेली माणसे त्याच्याही लोकांत असणारच. ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या शेवटच्या भागात तो श्वापदांनी खाल्लेल्या, पाण्यात नाहीशा झालेल्या देहांचा विचार करतो. एका माणसाचे मांस दुसऱ्या माणसाच्या अंगी लागले तर ते कोणाचे, असेही विचारतो. त्याचे उत्तर असे की ते ज्याचे आधी होते त्याला उसने घेतल्यासारखे परत मिळेल. दुसऱ्या एका पुस्तकात तो वितळवलेल्या पुतळ्याचा दाखला देतो. त्याच धातूतून पुतळा पुन्हा घडवताना नाकाचा कण कानात गेला म्हणून काही बिघडत नाही.

म्हणजे आपला मुलगा ऑगस्टीनच्याच पक्षाचा. पण मला हा हिशेब पुरेसा वाटत नाही. आठ उंचवट्यांचे सहा सारखे ठोकळे ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात. आपण होडी होतो की ट्रक, हे ठोकळ्यांना ठाऊक नसते. सारे कण गोळा झाले तरी माणूस होत नाही.

मग होडी असते कुठे? मुलाच्या डोक्यात, आणि त्याहून आधी आजीच्या आठवणीत. देवाच्या आठवणीत आपण सारे आहोत, हे उत्तर गोड आहे आणि मी प्रवचनात ते दिलेही आहे. पण आठवणीवरून नवी होडी केली तर ती हुबेहूब असेल, तीच असेल का? देवाने आजीच्या दिरांसारखा दिसणारा, बोलणारा माणूस घडवला तर ती नक्कल झाली. नकलेने आजीचे समाधान होणार नाही, आणि होऊही नये.

इथे तेराव्या शतकातले संत थॉमस अक्वायनस मला अधिक पटतात. ते म्हणतात, जिवंतपणीही आपल्या देहातले द्रव्य येते-जाते. चुलीत नवी लाकडे पडतात, जुनी राख होतात, विस्तव तोच असतो. देहाला ‘माझा देह’ करणारा आत्मा मरणाने नष्ट होत नाही. पुनरुत्थानात तोच आत्मा पुन्हा देहधारी होतो. ठोकळ्यांच्या होडीला असे आतले काही नसते. तिचा आकार बाहेरच्या कोणाच्या तरी डोक्यात असतो, म्हणून ती मोडली की खरोखर मोडते. धाकटी बहीण रडली ते बरोबरच होते. समुद्राने आजीच्या दिरांचे सारे ठोकळे नेले, पण ज्याच्यामुळे ते दीर होते ते त्याच्या हाती लागले नाही.

मात्र थॉमस असेही बजावतात की माझा आत्मा म्हणजे संपूर्ण मी नव्हे. म्हणून आपली श्रद्धा केवळ ‘आत्मा देवाघरी गेला’ इथे थांबत नाही, शरीराची वाट पाहते. १९६३ साली चर्चने दहनाला मुभा दिली, तीही ही आशा न सोडता.

पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो आणि जमेल तेवढे आजीला सांगितले. तिने विस्तवाचे पटकन उचलले. चूल तिने आयुष्यभर फुंकली आहे. मग तिने विचारले, वल्ही मारून घट्टे पडलेले त्यांचे हात तसेच असतील का? उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा होत्या आणि थोमाने त्या पाहिल्या, एवढेच मी सांगू शकलो. ती बराच वेळ गप्प होती. खाली मुलगा उलांडी दुसऱ्या अंगाला बांधत होता.

येत्या २ नोव्हेंबरला कबरींच्या आशीर्वादानंतर आवारातल्या मोठ्या क्रुसापाशी थांबू. ज्यांच्या माणसांना कबर नाही त्यांनी नावे आधी लिहून द्यावीत; ती तिथे वाचली जातील. मेणबत्त्या घरून आणाव्यात. वारा असतो, काचेचा ग्लास बरोबर ठेवावा.

आपला,
फादर