शत्रूला दिलेला शब्द

शत्रूला दिलेला शब्द पाळलाच पाहिजे का, हा प्रश्न राजनयाइतकाच जुना आहे. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पदव्युत्तर वर्गात तो करारांच्या कायद्याच्या तासाला येतो. १९६९ च्या व्हिएन्ना संकेताचे २६ वे कलम म्हणते की करार सद्भावनेने पाळावेत. ६२ वे कलम परिस्थिती मुळापासून पालटल्यास बाहेर पडायला एक चिंचोळी वाट ठेवते. या दोन कलमांच्या फटीत विद्यार्थी आपले प्रबंध लिहितात. मात्र शब्द का पाळायचा, हे दोन्ही कलमे सांगत नाहीत. ते त्यांचे कामही नव्हे. तो प्रश्न धर्माचा आहे, आणि नांदेड-लातूरच्या मुलखात तो पुस्तकाबाहेर, रस्त्यावर आणि रणात उभा राहिलेला आहे.

संधी कशाने टिकते, याची चर्चा अर्थशास्त्राच्या सातव्या अधिकरणात आहे. जुन्या आचार्यांचे मत असे की सत्य आणि शपथ यांचा भरवसा नाही. जामीन किंवा ओलीस हाच पक्का. कौटिल्य हे मत खोडून काढतो. विषप्रयोग आणि हेरगिरी यांवर निर्विकारपणे लिहिणारा हा माणूस इथे शपथेच्या बाजूने उभा राहतो, हे पाहून नवख्या वाचकाला नवल वाटते. त्याचे कारण सरळ आहे. सत्य आणि शपथ इहलोकी बांधतात आणि परलोकीही. जामीन आणि ओलीस फक्त इथेच उपयोगी, तेही बळ असेपर्यंत. नुसत्या सत्यावर न भागल्यास शपथ कशावर घ्यावी याची त्याने यादीच दिली आहे: अग्नी, पाणी, नांगराचे तास, तटाचे ढेकूळ, हत्तीचा खांदा, घोड्याची पाठ, शस्त्र, बी-बियाणे, सोने. शपथ मोडणाऱ्याला याच वस्तूंनी मारावे, याच वस्तूंनी सोडून जावे. म्हणजे राजा ज्याच्या आधाराने जगतो तेच तो गहाण टाकतो.

मराठी दफ्तरांत याला क्रियाशपथ म्हणत. मराठा सरदार बेलभंडार उचली, समोरचा मुसलमान असेल तर कुराणावर हात ठेवी. ज्याने त्याने आपापल्या देवाची आण घ्यायची, दुसऱ्याच्या नव्हे. या रिवाजात एक न बोललेली कबुली आहे. समोरच्याचा धर्म मला मान्य नसेल, पण त्याचा देवही खोट्याला शासन करतो, एवढे मी धरून चालतो. तसे धरले नाही तर त्याच्या शपथेला काडीची किंमत उरत नाही, आणि बोलणीही खुंटतात. परधर्माविषयीचा हा किमान आदर वकिलांनी, म्हणजे दरबारच्या दूतांनी, रोजच्या व्यवहारातून शिकून घेतला होता. तो कुणा तत्त्वज्ञाने त्यांना शिकवला नव्हता.

ओलिसाविषयी कौटिल्य किती खरा होता, हे निजामाशी झालेल्या लढायांत दिसते. ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीरला निजामाचा पराभव झाला आणि सुमारे साठ लाखांचा मुलूख व दौलताबादेसारखे किल्ले मराठ्यांकडे आले. पुढच्याच जानेवारीत पानिपत झाले, आणि वर्ष सरायच्या आत निजामाची फौज पुण्याच्या वाटेला लागली. ११ मार्च १७९५ ला खर्ड्यावर निजाम पुन्हा हरला. तहात निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क याला पुण्यात ओलीस ठेवून घेतले. यापेक्षा भक्कम जामीन कोणता असेल? पण ऑक्टोबरात सवाई माधवरावाचा मृत्यू झाला, गादीचा घोळ सुरू झाला, आणि ज्याला अडकवून ठेवले त्याचीच मदत नाना फडणिसाला लागली. दिवाण सुटला, आणि खर्ड्यावर मिळवलेले बहुतेक परत गेले. माणूस ताब्यात होता. बळ मात्र ताब्यात राहिले नाही.

कागदाची गत याहून बरी नाही. हैदराबाद संस्थान आणि भारत सरकार यांच्यात २९ नोव्हेंबर १९४७ रोजी एका वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. त्याआधीच्या महिन्यात निजामाचे शिष्टमंडळ दिल्लीला निघायचे तर रझाकार या निमलष्करी संघटनेच्या लोकांनी सदस्यांच्या घरांना गराडा घातला. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरला वकिली केलेला माणूस. कोर्टातला वकील दरबारच्या वकिलांची वाट अडवतो, हा त्या वर्षाचा एक कडवट विनोद म्हणायचा. निजामाने शिष्टमंडळ बदलले आणि करारावर सही केली. मग दोन्ही बाजू एकाच कागदावर बोट ठेवून भांडू लागल्या. संस्थानाने पाकिस्तानला वीस कोटींचे कर्ज दिले आणि भारतीय चलनावर बंधने आणली, ही भारताची तक्रार. भारताने आर्थिक कोंडी केली, ही संस्थानाची. निजामाचे गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे १६ सप्टेंबर १९४८ रोजी आले. दुसऱ्या दिवशी, भारतीय फौजेपुढे टिकाव न लागून, निजामाने युद्धबंदी जाहीर केली.

करार कुणी मोडला, यावर दोन्हीकडून लिहिता येईल आणि लिहिले गेलेही आहे. त्याहून मोठा दोष कराराच्या पोटातच होता. शब्द दोन सरकारांनी एकमेकांना दिला; ज्यांच्या गावांवर रझाकार चालून येत होते, ते त्यात कुठेच नव्हते. त्यांच्या वतीने बोलणारे स्वामी रामानंद तीर्थ हे संन्यासी, स्टेट काँग्रेसचे नेते, आणि करार चालू असताना बहुतेक काळ तुरुंगात. दुसऱ्याच्या जिवावर दिलेल्या शब्दाला धर्माचे बळ कमीच असते. 

ओलीस झाला, कागद झाला. उरते ती शपथ. तीही मोडली तर काय करायचे? या प्रश्नाचे सगळ्यात विचारपूर्वक दिलेले उत्तर एका फारसी पत्रात आहे, आणि ते लिहिणाऱ्याचा शेवट नांदेडला झाला.

आनंदपूरच्या वेढ्यात गुरू गोविंदसिंगांना सुखरूप वाट देण्याचे वचन मिळाले, कुराणाची शपथ घेऊन. गुरू किल्ल्याबाहेर पडताच हल्ला झाला. दोन मुलगे चमकौरला लढताना पडले, दोघे धाकटे सरहिंदला मारले गेले. त्यानंतर, शीख परंपरेप्रमाणे १७०५ साली, गुरूंनी औरंगजेबाला ‘जफरनामा’ लिहिला आणि भाई दया सिंग व भाई धरम सिंग यांच्या हाती दक्षिणेत धाडला. बादशहाचा मुक्काम अहमदनगरला होता.

पत्राची मांडणी पाहण्यासारखी आहे. भाषा बादशहाच्या दरबाराची, दाखले फिरदौसीचे, आणि आरोप बादशहाच्याच धर्माच्या कसोटीवर. माझा देव तुला शिक्षा करील, असा सूर त्यात नाही. तू तुझ्या ग्रंथाची आण मोडलीस, तुझ्या अल्लाला तू जाब देशील, असा आहे. क्रियाशपथेत गृहीत धरलेली गोष्ट इथे शोकाच्या क्षणीही सुटलेली नाही: समोरच्याचा देव खरा धरूनच त्याला जाब विचारायचा. मुलांच्या मृत्यूनंतर कुराणाचीच निंदा करणे सोपे होते. गुरूंनी कुराणाचा मान राखला आणि त्याची शपथ मोडणाऱ्याला उघडे पाडले.

पुढचे पाऊल जास्त अवघड आहे. सर्व उपाय थकल्यावर तलवार उचलणे धर्म्य आहे, असे जफरनामा स्पष्ट सांगतो. शीख त्याला धर्मयुद्ध म्हणतात. पण त्याच पत्रात बादशहाला समोरासमोर येऊन बोलण्याचे निमंत्रणही आहे. कृष्णशिष्टाईची आठवण इथे होतेच. कौरव ऐकणार नाहीत हे ठाऊक असूनही कृष्ण हस्तिनापूरला गेला, कारण शांततेचा प्रयत्न केलाच नाही असा ठपका येऊ नये. फरक इतकाच की कृष्णाचा स्वतःचा कुणी तोवर मेला नव्हता.

१७०७ मध्ये औरंगजेब वारला, आणि गुरूंनी त्याच्या मुलाशी, बहादूरशहाशी, बोलणी धरली. त्याच्याबरोबर ते दक्षिणेत उतरले आणि १७०८ मध्ये नांदेडला थांबले. सरहिंदच्या फौजदाराला शासन होईल, ही आशा बोलण्यांतून फळली नाही. गोदाकाठी माधोदास बैरागी भेटला, बंदा सिंग झाला, आणि पाच बाण घेऊन पंजाबकडे निघाला. तलवारीची पाळी इथे आली. त्यापूर्वी खलिता झाला होता, दूत झाले होते, बादशहाच्या छावणीसोबतची मजलदरमजल झाली होती. ७ ऑक्टोबर १७०८ ला गुरूंनी देह ठेवला, त्याआधी गुरूपद ग्रंथसाहिबाला देऊन. त्या ग्रंथात नरसीच्या नामदेवाची पदे आहेत.

जफरनामा दसम ग्रंथात आहे. नांदेडच्या सचखंड गुरुद्वारात गुरू ग्रंथसाहिबाबरोबर दसम ग्रंथाचेही दर्शन होते, आणि आतल्या गाभाऱ्यातली गुरूंची शस्त्रे रोज सायंकाळच्या आरतीनंतर भाविकांना दाखवली जातात.